तीन मिनिटे संशोधकाची, पुढचा वेळ लोकांचा

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधान परिषदेत 'सारथी' संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला. ती किती विद्यार्थ्यांना द्यावी यावर चर्चा चालू असता तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार आहेत, अशा आशयाचा सवाल केला. राज्यभर त्याचे पडसाद उमटले, विद्यार्थ्यांनी निषेध केला, आणि तो सर्वथा योग्य होता. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंधारातून प्रथमच विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचते, त्या घराला सत्तेच्या आसनावरून असा प्रश्न विचारणे हा उद्दामपणा आहे.

परंतु निषेधाने अपमानाचे उत्तर होते, प्रश्नाचे होत नाही. हाच प्रश्न मुखेडच्या सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्याने किंवा लातूरच्या मोंढ्यातील हमालाने विचारला तर? मग त्याला उद्दामपणा म्हणता येणार नाही. तो त्याचा हक्क ठरतो. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले होते. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या घामातून, आणि तिच्यातला शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे त्यांचे म्हणणे होते. आज रयतेची मुले विद्यापीठात आली आहेत, ही गोष्ट लहान नाही. पण ज्ञान रयतेकडे परत गेले काय, हा फुल्यांच्या निवेदनातून निघणारा दुसरा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे झाली. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. तेथे प्रबंध लिहिणाऱ्यांपैकी कित्येक जण शेतकरी, शेतमजूर, तांड्यावरच्या आणि वस्तीवरच्या कुटुंबांतून आलेले आहेत. त्यांचे विषयही बहुधा याच मातीतले असतात : पाण्याची प्रत, पिकांवरील रोग, ऊसतोड कामगारांचे स्थलांतर, बोलीभाषा, लोकगीते, स्त्रियांचे आरोग्य. चार-पाच वर्षे राबून प्रबंध तयार होतो. त्याची एक प्रत ग्रंथालयाच्या कपाटात जाते, दुसरी 'शोधगंगा' या संगणकीय भांडारात. मौखिक परीक्षा नियमाने खुली असते, परंतु ती खुली असते प्राध्यापकांना, संशोधकांना आणि जाणकारांना. ज्या गावच्या विहिरींचे पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेले, त्या गावचा माणूस त्या खोलीत नसतो. त्याच्या पाण्यात काय सापडले हे त्याला कोणी सांगत नाही. येथे कोणा एका संशोधकाला दोष देऊन भागणार नाही. सांगण्याची रीतच पडलेली नाही, हे खरे दुखणे आहे.

या दुखण्यावर जगातील विद्यापीठांनी शोधलेला एक उपाय विचार करण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली एक स्पर्धा सुरू झाली. पीएच.डी.च्या संशोधकाने आपले सगळे संशोधन सामान्य श्रोत्याला समजेल अशा भाषेत तीन मिनिटांत सांगायचे. पडद्यावर एकच स्थिर चित्र चालेल. साधने, संगीत, गाणे, कविता यांपैकी काही चालणार नाही. तीन मिनिटांच्या वर एक क्षण गेला तरी स्पर्धक बाद. ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायचा तर नऊ तास लागतील, तो तीन मिनिटांत सांगा, असे हे आव्हान आहे. पहिल्या वर्षी १६० संशोधक त्यात उतरले. आज ८५ हून अधिक देशांतील ९०० हून अधिक विद्यापीठांत ही स्पर्धा होते.

या तीन मिनिटांचा उगम मराठवाड्याने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. त्या काळी क्वीन्सलँडमध्ये कडक दुष्काळ होता. अंघोळ तीन मिनिटांत उरकावी म्हणून लोक अंडी उकडताना वापरायचे तीन मिनिटांचे घड्याळ न्हाणीघराच्या भिंतीला लावीत. तेथील पदव्युत्तर विभागाचे प्रमुख ॲलन लॉसन यांना त्यावरून ही कल्पना सुचली. पाणी तुटपुंजे म्हणून जे माप घराघरांत आले, तेच विद्वानांच्या बोलण्याला लावण्यात आले.

लातूरकरांना दुष्काळाचे माप कोणी शिकवायला नको. २०१६ साली मांजरा धरण कोरडे पडले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावण्याची पाळी प्रशासनावर आली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी १० टाक्यांतून ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूर स्थानकात आली. पुढे ५० टाक्यांची, २५ लाख लिटरची गाडी धावू लागली. देशभरच्या वृत्तपत्रांनी त्या गाडीची छायाचित्रे छापली. परंतु धरण का आटले, भूजल किती खोल गेले, ऊस किती पाणी पितो, टंचाईत टँकर कोणाच्या दारी थांबतो आणि कोणाच्या दारावरून पुढे जातो, या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या संशोधकाला घागर घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाईसमोर तीन मिनिटे बोलायला कोणी उभे केले काय? दुष्काळातून एका देशाने संशोधनाची लोकसभा उभी केली. दुष्काळ मराठवाड्यातही होता, संशोधकही होते. त्या दोघांची गाठ घालून देणारे मात्र कोणी नव्हते.

तीन मिनिटांची अट वरवर पोरखेळ वाटेल. वस्तुतः ती फार कठोर परीक्षा आहे. काय शोधले, कसे शोधले, काय हाती लागले आणि त्याने कोणाच्या जगण्यात कोणता फरक पडेल, एवढ्या चार गोष्टींचे उत्तर तेवढ्या वेळात द्यावे लागते. परिभाषेच्या आड लपता येत नाही. संदर्भांची यादी वाचून वेळ काढता येत नाही. ज्याने खरोखर काम केले आहे त्याला हे जड जाईल, पण जमेल. ज्याने प्रबंध लिहून घेतला आहे त्याला जमणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले आणि आता प्रबंधातील उसनी वाक्ये यंत्र शोधते. पण दुसऱ्याकडून नव्याने लिहून घेतलेला प्रबंध यंत्राला सापडत नाही. तो शेतकऱ्याच्या साध्या प्रश्नाला सापडेल. 'तुम्ही आमच्या गावात किती दिवस राहिलात?' या प्रश्नाला टक्केवारीचा दाखला पुरत नाही.

महाराष्ट्रातील विद्यापीठांना संशोधन-स्पर्धा नवी नाही. राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने 'आविष्कार' हे आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलन सुरू झाले, त्यालाही आता बरीच वर्षे झाली. पदवीच्या विद्यार्थ्यांपासून अध्यापकांपर्यंत अनेक जण त्यात भित्तिपत्रके लावतात, निवडलेले संशोधक परीक्षकांसमोर तोंडी सादरीकरण करतात. या संमेलनाने ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक मुलांना संशोधनाची गोडी लावली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र त्याची मर्यादाही उघड आहे. बोलणारा विद्यापीठाचा, ऐकणारा विद्यापीठाचा, गुण देणाराही विद्यापीठाचा. घरातल्या घरात केलेला हा हिशेब आहे. तीन मिनिटांची स्पर्धा जशीच्या तशी उचलून विद्यापीठाच्या वातानुकूलित सभागृहात भरवली, तर त्याच पंक्तीत आणखी एक पान वाढेल, एवढेच.

नकलेत आणखी एक धोका आहे, आणि तो लातूरला अधिक आहे. 'लातूर पॅटर्न' या नावाने जे ओळखले जाते त्याने खेड्यापाड्यांतील अनेक मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची दारे उघडून दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेले आणि सराव घड्याळ लावून, या पद्धतीने ज्ञानाला गुणपत्रिकेत बंद केले. तीन मिनिटांच्या भाषणाला रोख बक्षीस आणि क्रमांक लावा, दोन वर्षांत त्याचे शिकवणी वर्ग निघतील. कोठे थांबावे, कोठे हात उचलावा, कोणत्या वाक्याला टाळी पडते, याच्या टिपणवह्या विकल्या जातील. महाराष्ट्राच्या वक्तृत्व स्पर्धांचा इतिहास यास साक्षी आहे. त्या स्पर्धांनी चळवळींना कार्यकर्ते दिले, तसेच पाठ केलेल्या भाषणांवर करंडक जिंकत गावोगाव फिरणारे हौशी वक्तेही दिले. ज्याला विषयाशी कर्तव्य नाही आणि इशाऱ्याच्या घंटेशी आहे, असा वक्ता संशोधनाच्या व्यासपीठावर तयार होणे परवडणारे नाही.

शिवाय क्रमांक लागला की विषयांचीही प्रतवारी लागते. चटकन डोळ्यांत भरणारा शोध पुढे जाईल. कोणत्या औषधाने किती कीड मेली हे तीन मिनिटांत ठसवता येते. परंतु ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया का वाढल्या, याचा अभ्यास तसा सांगता येत नाही. बीड जिल्ह्यातील हा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्यात उचल देणारा मुकादम, एका दिवसाचा खाडा पडल्यास होणारी कपात, फडावरची न्हाणीघराविना वस्ती आणि खासगी दवाखान्याचा सल्ला असे अनेक धागे गुंतलेले आहेत. अशा संशोधकाला तीन मिनिटांअखेर प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येईल की, कारणे अनेक आहेत आणि काही अजून उलगडलेली नाहीत. परीक्षक त्याला गुण देणार नाही. पण श्रोत्यांत बसलेली ऊसतोड बाई त्याला प्रश्न विचारील, आणि कदाचित न उलगडलेला धागा तीच उलगडून देईल.

येथेच या उपक्रमाचा खरा कस आहे. तीन मिनिटांचे भाषण हा उपक्रमाचा लहान भाग व्हावा, आणि त्यानंतरचा प्रश्नांचा वेळ हा मोठा. मूळ स्पर्धेत घड्याळ संशोधकाच्या बोलण्यावर लावले आहे, ते ठीकच आहे. पण ज्यांच्यासाठी तो बोलतो त्यांच्या बोलण्याला तेथे जागा नाही. समाजवादी विचाराच्या माणसाने ही त्रुटी ओळखली पाहिजे. लोकांना श्रोते करणे ही लोकशिक्षणाची पहिली पायरी झाली. त्यांना परीक्षक करणे ही त्यापुढची.

आता भाषेचा प्रश्न. मराठवाड्याला याचा अनुभव जुना आहे. हैदराबाद संस्थानात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे माध्यम उर्दू ठरले. त्यासाठी आधीच भाषांतर विभाग काढून शास्त्रांची पुस्तके उर्दूत आणण्यात आली. भारतीय भाषेत उच्च शिक्षण देता येते हे त्या विद्यापीठाने सिद्ध केले, हे त्याचे मोठे श्रेय. पण ती भाषा संस्थानातील बहुसंख्य प्रजेची नव्हती. प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होती. भाषा बदलली तरी ज्ञान आणि जनता यांतले अंतर कायम राहिले. आज त्या जागी इंग्रजी आली आहे. मराठीतून प्रबंध लिहिण्याची मुभा अनेक विषयांत आहे, परंतु विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी यांत सारा व्यवहार इंग्रजीचा. सोयाबीनवरच्या पिवळ्या मोझॅक रोगाने २०२३ च्या हंगामात मराठवाड्यातील शिवारे पिवळी पडली, तेव्हा शेतकऱ्याला त्या रोगाचे ज्ञान बहुधा कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावरून मिळाले. तेथे औषध विकणाराच वैद्य असतो. हा रोग पांढरी माशी पसरवते, रोगट झाड वेळीच उपटून टाकावे लागते, ही माहिती कृषी विद्यापीठांत होतीच. पण विक्रेता आधी पोचला, शास्त्रज्ञ नंतर.

भाषेबाबत कॅनडातील क्वेबेक प्रांताने जे केले ते अनुकरणीय आहे. तेथील 'आक्फा' या फ्रेंच भाषिक ज्ञानसंस्थेने २०१२ साली हीच स्पर्धा 'एकशे ऐंशी सेकंदांत माझा प्रबंध' अशा अर्थाच्या नावाने फ्रेंचमध्ये सुरू केली. इंग्रजीच्या वेढ्यात राहणाऱ्या प्रांताने कल्पना इंग्रजीतून घेतली आणि जीभ आपली ठेवली. २०१४ पासून फ्रान्समध्येही ती होते. मग नांदेड-लातूरला मराठीत हे करायला अडचण कसली? मराठीबरोबरच जिल्ह्याच्या इतर भाषांनाही दार उघडे हवे. किनवटच्या तांड्यावर गोरमाटीत, नांदेडच्या जुन्या वस्तीत दखनी-उर्दूत आणि देगलूरच्या सीमेवर तेलुगूत बोलणारा संशोधक मिळाला, तर त्याला अडवण्याचे कारण नाही.

संशोधन लोकांपर्यंत न पोचण्याची किंमत काय असते, हे किल्लारीने पाहिले आहे. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या परिसराला धक्क्यांमागून धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे गाडली गेली. ६.२ क्षमतेचा तो धक्का जगातील महाभूकंपांत मोडणारा नव्हता. माणसे मेली ती दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा भार अंगावर कोसळून. त्यानंतर देशोदेशीचे भूशास्त्रज्ञ आले. स्थिर समजल्या गेलेल्या भूभागात भूकंप कसा झाला, यावर विपुल लेखन झाले. किल्लारी हे नाव जगाच्या भूशास्त्रात गेले. परंतु दगडी भिंतीत आरपार बांधदगड का हवेत, छतावरची माती का कमी करावी, हे तीन मिनिटांत सांगण्याजोगे ज्ञान पुनर्वसित ५२ गावांच्या पलीकडे, जुन्या घरांतच राहणाऱ्या शेकडो गावांत कितपत रुजले? १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ क्षमतेचा धक्का बसला. तो नांदेड आणि परभणीतही जाणवला. लोक घराबाहेर धावले. त्यांच्या मनात एकच प्रश्न होता : आता किल्लारी होणार काय? नांदेडच्या विद्यापीठात भूशास्त्राचे स्वतंत्र संकुल आहे. शास्त्राला भूकंपाचे भाकीत करता येत नाही, पण घर कसे सावरावे हे सांगता येते, एवढी गोष्ट त्या संकुलातील संशोधकाने गावच्या पारावर सांगितली, तर अफवांना जागा उरणार नाही.

विद्यापीठातील काही मंडळी म्हणतील की, सखोल संशोधन सामान्यांना कळत नाही आणि सोपे करताना ते उथळ होते. नांदेडने तरी हा आक्षेप घेऊ नये. याच शहरातील पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकरांनी अध्यापन केले, पुढे तेथेच ते प्राचार्य झाले. इतिहास, धर्मशास्त्र, सौंदर्यशास्त्र, राजकारण या कठीण विषयांवर ते गावोगाव बोलत राहिले. शिक्षक, वकील, शेतकरी, दुकानदार त्यांना तासन्‌तास ऐकत. विद्वत्ता पातळ न करता ती लोकांपुढे ठेवता येते, याचा तो जिवंत पुरावा होता. १० फेब्रुवारी १९८२ रोजी त्यांना मृत्यू आला तोही औरंगाबादेत व्यासपीठावरच. त्यांची व्याख्याने तीन मिनिटांची नव्हती, हे खरे. पण तीन मिनिटांची शिस्त ज्याच्या अंगी बाणली, त्याला पुढे तीन तास ऐकायला लोक तयार होतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहत बसू नये. नांदेडचा नवा मोंढा, लातूरचे मार्केट यार्ड, तालुक्याचा आठवडी बाजार, सार्वजनिक वाचनालय आणि ग्रामसभा या जागा कोणाच्या परवानगीवाचून अडलेल्या नाहीत. महिन्यातून एका संध्याकाळी चार संशोधक बोलवावेत. प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत आणि त्यानंतर निदान पंधरा मिनिटे प्रश्नांना राखून ठेवावीत. पहिला प्रश्न विद्यापीठाबाहेरच्या माणसाचा असावा. पहिला-दुसरा क्रमांक नको, करंडक नको. मार्गदर्शक प्राध्यापकांनी श्रोत्यांत बसावे. संशोधनाचा सारांश एका पानावर मराठीत लिहून गावच्या वाचनालयात ठेवावा, आणि प्रवासखर्चाचा भार संशोधकाच्या खिशावर पडू नये. ज्या मुलाची अधिछात्रवृत्ती महिनोन्‌महिने थकते, त्याच्याकडून पदरमोडीची समाजसेवा मागणे अन्यायाचे होईल. विद्यापीठाची तयारी असेल तर पहिली सभा १७ सप्टेंबरलाच घ्यावी. तो मराठवाडा मुक्तिदिन आणि विद्यापीठाचा वर्धापनदिनही आहे. ज्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव विद्यापीठाला दिले आहे, ते लढ्यात उतरण्यापूर्वी हिप्परग्याला आणि अंबाजोगाईला शिक्षक होते, याचेही त्या दिवशी स्मरण होईल.

अशा सभांतून दोन गोष्टी एकदम साधतील. संशोधकाला कळेल की आपल्या प्रबंधाची वाट पाहणारे कोणी आहे. आणि लोकांना कळेल की अधिछात्रवृत्ती ही सरकारची मेहेरबानी नाही, ती आपल्याच पैशातून आपल्याच कामासाठी दिलेली मजुरी आहे. मग पुढच्या अधिवेशनात कोणी पुन्हा दिव्यांचा प्रश्न काढला, तर उत्तर द्यायला विद्यार्थी एकटे नसतील. ज्या गावाने संशोधकाला ऐकले आणि उलट प्रश्न विचारले, ते गाव त्याच्या बाजूने उभे राहील. अधिछात्रवृत्तीच्या मागणीला याहून मोठा आधार दुसरा नाही.